कमांडरच्या खुर्चीवरून उतरवलेल्या भावास

पत्र

ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहतो, वय २१, कॉलेजचं शेवटचं वर्ष. मी, माझा चुलतभाऊ आणि त्याचे पणजीच्या ऑफिसातले चार मित्र मिळून 'नॅचरल सिलेक्शन २' हा ऑनलाइन गेम खेळतो. त्यात एका बाजूला मरीन, दुसऱ्या बाजूला एलियन. प्रत्येक संघात एक जण कमांडर होतो. तो वरून सगळा नकाशा बघतो, कुठे काय उभारायचं ते ठरवतो आणि बाकीचे खाली लढतात. आमच्यात कमांडर नेहमी मीच. 'एज ऑफ एम्पायर्स' आणि 'स्टारक्राफ्ट' हे वरून फौज हलवायचे गेम मी शाळेपासून खेळतोय, त्यात आमच्यात माझा हात धरणारा कुणी नाही. शिवाय आमच्याकडचं नेट असं, की पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दोनशेच्या खाली येत नाही. बंदूक घेऊन मी काहीच कामाचा नाही.

जुलैत एका रात्री मी फेज गेट, म्हणजे एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून निघायचं यंत्र, टाकलं आणि ते बांधा म्हणून दोन मिनिटं ओरडत होतो. भाऊ ऐकेना, त्याला हाइव्हवर, एलियनच्या तळावर, जायचं होतं. मी म्हटलं, "तू सैनिक आहेस, सांगतो तेवढं कर." त्याने एक शब्द न बोलता मला काढायचं मतदान लावलं, आणि पाचही जणांनी होय दाबलं. मॅच चालू असताना मला खुर्चीवरून उतरवलं. मी गेम बंद केला, ग्रूप सोडला. आज पाच आठवडे झाले, आम्ही बोलत नाही. गणपतीची चवथ दहा दिवसांवर आलीय आणि आमची चवथ मूळ घरात, एकत्र असते. माझं चुकलं का? त्याच्याशी बोलू कसा? आई म्हणते हे खेळच सोड. सोडू?

— खुर्ची गेलेला, सत्तरी

उत्तर

अरे पुता,

खुर्ची जाण्याचं दुःख गोव्यात तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही, आमच्या विधानसभेला विचार. पण सल्ला मागणाऱ्या पत्रात 'फेज गेट' हा शब्द वाचायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. इथे सहसा सासू, जमिनीची वाटणी आणि मुलीचं लग्न असतं. या विषयावर मला लिहिता येईल, कारण २००३-०४ च्या सुमाराला डिचोलीत माझा सायबर कॅफे होता. आठ काँप्युटर, एक पंखा आणि पावसाळ्यात हमखास गळणारा एक कोपरा. तुझ्या गेमचा मोठा भाऊ, पहिला 'नॅचरल सिलेक्शन', तिथे रोज संध्याकाळी चालायचा. तो २००२ मध्ये 'हाफ-लाइफ' या गेमवर बसवायचा फुकट मॉड, म्हणजे जोडगेम, म्हणून आला होता. चार्ली क्लीव्हलंड नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना: शूटर आणि स्ट्रॅटेजी एकाच मैदानात खेळवायची, आणि स्ट्रॅटेजीवाल्याच्या हाताखाली सोंगट्यांऐवजी जिवंत माणसं द्यायची.

त्या जुन्या गेममध्ये बंदुकासुद्धा कमांडरच द्यायचा. संघाची शिल्लक एकच, आणि ती त्याच्या हातात. शॉटगन हवी तर त्याच्याकडे मागायची. माझ्या कॅफेत तिसऱ्या नंबरच्या काँप्युटरवर एक पोरगा कायम कमांडर व्हायचा, हिशेबाला पक्का. सातव्या नंबरवरचा "शॉटगन टाक रे, शॉटगन टाक" म्हणून घसा कोरडा करायचा आणि हा म्हणायचा, "आधी अपग्रेड, मग शॉटगन." बरोबर होतं त्याचं. हेडफोन नव्हते, सगळी बोलणी खोलीभर. एके दिवशी सातव्या नंबरवाला शांतपणे उठला, चालत तिसऱ्या नंबरपाशी आला आणि त्याने त्याचा कीबोर्डच ओढून काढला. तेव्हाही खुर्चीवरून उतरवायचं मतदान होतं. त्याला तेवढा धीर नव्हता.

तुझ्या आवृत्तीत, म्हणजे २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात, ही गोष्ट बदलली. संघाचे पैसे वेगळे, प्रत्येकाच्या खिशातले वेगळे. शॉटगन ज्याची तो घेतो. म्हणजे बनवणाऱ्यांनी कमांडरच्या हातातली एक मोठी काठी काढून घेतली. तुझ्याकडे आता उरलं काय? नकाशा, संघाची शिल्लक आणि तुझा आवाज. त्यातला आवाज तू कसा वापरलास ते तूच लिहिलं आहेस.

आता तुझा पहिला प्रश्न. फेज गेट तिथे बांधायला हवं होतं का? हो. हाइव्हच्या तोंडाशी गेट उभं राहिलं, की मेलेला गडी पुन्हा जन्मला की तळावरच्या दुसऱ्या गेटात शिरून थेट लढाईत उतरतो, नाहीतर अर्धा नकाशा पळत यावं लागतं. गेटाशिवाय हाइव्हवर धावणं म्हणजे सांजावचा सण नसताना विहिरीत उडी. डावपेच म्हणून तू बरोबर होतास. त्याचा तुला काडीचा उपयोग नाही.

कारण 'एज ऑफ एम्पायर्स'मधला गावकरी तू म्हणशील तिथे जातो. त्याला लाकूड तोडायचं की मरायचं याबद्दल मत नसतं. तुझा भाऊ दिवसभर ऑफिसात कुणाचं तरी ऐकून घरी येतो, जेवतो, अकरा-साडेअकराला काँप्युटर लावतो, आणि तिथे तू त्याला म्हणतोस, तू सैनिक आहेस. शाळेपासूनचा तुझा जो अभ्यास आहे ना, त्याच अभ्यासाने तुझा घात केला. माऊसने निवडलं, उजवं बटण दाबलं, गेला. तीच सवय तू माइकवर आणलीस.

या गेममध्ये मरीनच्या बाजूने कमांडर खुर्चीत बसून स्वतः खरं म्हणजे काहीच बांधत नाही, हे तू कधी नीट पाहिलं आहेस का? तू टाकतोस तो नुसता आराखडा. जमिनीवर फेज गेटची पोकळ आकृती उमटते, बस्स. मग खालच्या कुणीतरी तिथे जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं आणि बटण दाबून धरायचं. तेवढा वेळ त्याच्या हातून गोळी सुटत नाही. तोंड गेटकडे, पाठ उघडी, आणि छतावरून स्कल्क, म्हणजे छोटा चावरा एलियन, धावतोय की नाही हे त्याला दिसत नाही. कानावर भरवसा. तुला वरून दिसतं, गेट तीस टक्के, चाळीस टक्के. त्याला दिसतो राखाडी लोखंडाचा एक तुकडा. 'बांध' हा तुझ्यासाठी एक शब्द आहे. त्याच्यासाठी तो बंदूक खाली ठेवून पाठ देण्याचा हुकूम आहे. त्या दोन मिनिटांत तू एकदा तरी म्हणालास का, की तू बांध, अमका तुझ्या मागे उभा राहतोय? तुझ्या पत्रात तरी ते नाही.

आणि तुला जे दिसतं तेही तुझं नव्हे. एलियन तुझ्या पडद्यावर उमटतो तो तुझ्या कुणा माणसाला किंवा इमारतीला तो दिसला म्हणून. एरवी पैसे खर्चून स्कॅन मारावा लागतो. म्हणजे तुझा भाऊ पुढे जाऊन मरतो तेव्हा मरता मरता तुला एक खोली उजळून देतो. "मेलास कशाला?" असं विचारायच्या आधी काय दिसलं ते विचार. बहुतेक वेळा त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

माझ्या कॅफेत एक दुसरा मुलगाही कमांडर व्हायचा. खेळायला बेताचा. तो हरायचाही पुष्कळ. पण त्याला कुणी उतरवलं नाही. त्याचा माऊस सतत लढाईवर असायचा, आणि एखाद्याचा जीव संपत आला की बरोबर त्याच्या पायाशी मेडपॅक पडायचा. न मागता. मग तो म्हणायचा, "आता जरा तो रिसोर्स टॉवर उभा कर रे," आणि कुरकुर न करता माणूस जायचा. तुझ्या गेममध्येही मेडपॅकला संघाच्या शिलकीतलं अगदी क्षुल्लक जातं. पण तू ज्या तऱ्हेचा हिशेबी आहेस असं मला पत्रावरून वाटतं, तू ते क्षुल्लकसुद्धा पुढच्या अपग्रेडसाठी राखून ठेवत असणार. राखू नकोस. अपग्रेड झालं की तेही मोठ्याने सांग, "वेपन्स वन झालं" म्हणून. तुझी सगळी मेहनत खालच्यांना अदृश्य असते. त्यांना वाटतं, आपली बंदूक आज बरी चालतेय.

आणखी एक गोष्ट, आणि ही तुला आवडणार नाही. माणसं जिथे जायची तिथे जातातच. पाचातले तीन हाइव्हकडे निघाले असतील तर तुझा सुंदर बेत बाजूला ठेवून गेटची आकृती त्यांच्या वाटेवर टाक. अर्ध्या चांगल्या जागी बांधलेलं गेट हे उत्तम जागी न बांधलेल्या गेटापेक्षा बरं. आणि कुणीच बांधत नसेल, तर खुर्चीला कुलूप नाही. कमांडरला खुर्चीतून उतरून, बंदूक घेऊन, स्वतः जाऊन बांधता येतं. मॅचच्या सुरुवातीला तळाशेजारची पहिली कामं चांगले कमांडर तशीच उरकतात. दोन मिनिटं ओरडण्यात गेली त्यात तू जाऊन आला असतास. पिंग दोनशे असला तरी गेटासमोर बटण धरून उभं राहायला पिंग लागत नाही.

पिंगवरून आठवलं. तुझ्या पत्रात मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य ते आहे. सर्व्हर युरोपात, तू सत्तरीत. गोळी मारलीस तेव्हा समोरचा केव्हाच भिंतीवर चढलेला. खुर्चीत हे कमी जाणवतं. म्हणजे ती खुर्ची तुला कर्तृत्वाने जितकी मिळाली तितकीच नेटच्या कृपेनेही मिळाली. ती गेल्यावर तुला जागाच उरली नाही, म्हणून तू ग्रूप सोडलास. ही गोष्ट भावाला माहीत आहे का? पणजीत फायबरवर बसलेल्याला सत्तरीतला पिंग कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की हा कधी खाली उतरून लढत नाही, वर बसून हुकूम सोडतो. त्याला सांग. आणि पावसात लाईट जाते तेव्हा काय करतोस? कमांडर मधेच गायब झाला तर पाच जण बिनडोक होतात. राउटरला छोटा यूपीएस लाव, आणि आभाळ गडगडत असेल त्या रात्री खुर्चीत बसूच नकोस, आधीच सांगून टाक.

एखादा महिना एलियनच्या बाजूने कमांडर होऊन बघ, असंही सुचवते. पहिल्या गेममध्ये एलियनना कमांडरच नव्हता. दुसऱ्यात आला, पण त्याचा संसार वेगळा. त्याने पेरलेलं आपोआप वाढतं, कुणी बटण धरून उभं राहायला नको. त्याचे गडी आपल्या पैशांतून आपल्याला हवं ते रूप घेतात. एखादा फेड नावाचा दांडगा एलियन झाला की त्याला हुकूम द्यायचा विचारही कुणी करत नाही. तो जातो, ओरबाडतो, परत येतो. तिथे तुला मागे राहून पुरवठा करण्याशिवाय गत्यंतर नाही. तुझ्या तब्येतीला ते औषध आहे. आणि हुकूम ऐकणारेच हवे असतील, तर त्याची लाज बाळगू नकोस. १९९८ चा 'बॅटलझोन' २०१६ मध्ये 'बॅटलझोन ९८ रिडक्स' नावाने नव्याने आला. त्यात तूच रणगाड्यात, तूच सेनापती, आणि हाताखालचे सगळे काँप्युटरचे. पिंगही नाही, मतदानही नाही.

भावाचंही चुकलं, ते राहू देत नाही. मतदान गेमच्या नियमात बसतं. पण पाचातले चार त्याच्या ऑफिसातले, त्याने बटण दाबलं की ते दाबणारच. माइक चालू होता. "माझ्याशी असं बोलू नकोस" एवढं म्हणायला त्याला काय झालं होतं? मला वाटतं, त्याला ते मित्रांसमोर म्हणायचं नव्हतं. धाकट्याने आपल्याला सैनिक म्हटलेलं मित्रांनी ऐकलं, त्याची त्याला लाज वाटली असणार. तू धाकटा की थोरला ते तू लिहिलेलं नाहीस, पण मी धाकटाच धरते. थोरल्यांना खुर्चीची इतकी हौस नसते, ती त्यांना घरात आयती मिळालेली असते.

आईचं. तिचा राग गेमवर नसून वेळेवर असेल, तपासून बघ. युरोपातली रात्री आठची वेळ म्हणजे आपल्याकडे साडेअकरा, थंडीत साडेबारा, आणि सर्व्हर तेव्हाच भरतात. घरात सगळे निजल्यावर एक मुलगा अंधारात "बांधा, बांधा" म्हणून ओरडतोय, हे आईच्या जागी बसून ऐक. शनिवारची एक रात्र ठरव आणि बाकीच्या दिवशी झोप. सोडायचं म्हणशील, तर गेमच हळूहळू सोडून चाललाय. बनवणाऱ्यांनी त्यावरचं काम थांबवल्याचं २०२३ मध्ये जाहीर केलं. माणसं आहेत तोवर खेळून घ्या.

राहिला भाऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवू नकोस. 'सॉरी' लिहिलंस तर तो अंगठा पाठवेल, मग त्या अंगठ्याचा अर्थ लावत तू आणखी पाच आठवडे घालवशील.

तुमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, बांधतातच. मूळ घरी, चवथीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे वडील शिडीवर चढायचे आणि काका खाली अंगणाच्या बाजूला उभे राहून सांगायचे. शिडीवरच्याला काय दिसतं? नाकासमोरची लाकडी पट्टी, हातातली केवणीची दोरी आणि गाठ. एका हाताने नारळाची पेंड तोलून धरायची, दातात दोरी, खांदा भरून आलेला, पायाखाली शिडी हलतेय. खालच्याला सगळी माटोळी दिसते. केळ्यांचा घोस डावीकडे जास्त आलाय, सुपारीचा कात्रा मधोमध नाही, तोरिंजन आंबाड्यांच्या मागे लपलंय. "सोड ते, अजून वीतभर उजवीकडे घे," काका म्हणायचे, आणि वडिलांनी नुकतीच तिसरी गाठ मारलेली असायची. दरवर्षी भांडण. दरवर्षी माटोळी वेळेवर.

मला शंका आहे की तुमच्याकडे खाली उभं राहून सांगायचं काम तूच करतोस.

यंदा आदल्या दिवशी सकाळी लवकर जा, तो चहा पितोय तोवर शिडी लाव आणि चढ. वरून त्याला म्हण, "खालून सांग रे, मला इथून काही दिसत नाही." दुसरं काही बोलू नकोस. तो थोडा वेळ गप्प राहील. मग पेंड वाकडी लागलेली त्याला बघवणार नाही आणि तो बोलेल. डावीकडे म्हणाला तर डावीकडे घे. तुझ्या मते ते चूक असलं तरी घे, निदान कात्रा बांधून होईपर्यंत.